उलट्या पावलांचा गाईड

गाईड म्हटलं की माणूस पुढे, लोक मागे. मास्तरची तऱ्हाच वेगळी. तो लोकांकडे तोंड करून उलटा चालायचा. तोंडाकडे बघत बोललं की लोक पांगत नाहीत, हे त्याचं शास्त्र. कॉलरला माईक, कमरेला डबीएवढा स्पीकर, आणि पाठीमागचं अख्खं शहर तोंडपाठ. पायरी कुठे, खड्डा कुठे, टाचांना ठाऊक. बसचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते चिडवायचे, "मास्तर, उलटी पावलं कुणाची असतात, माहितीये ना?"

आधी तो हसायचा. आई गेली आणि हसणं बंद झालं. रडणंही. आईला पोचवून आला, दुसऱ्या दिवशी सकाळी टूरवर हजर. बायकोने भांडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. हा ढिम्म. शेवटी ती तळ्याकाठच्या गावी बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "भिंतीशीच संसार करायचा, तर भिंत तरी माझ्या बहिणीची असू दे."

दर रविवारी त्याची बस त्याच गावात जायची. सकाळी शहरातल्या गल्ल्या, दुपारी तळं. बहिणीच्या घराकडे मात्र तो कधी फिरकला नाही. या रविवारी बायकोचा मेसेज आला, 'धक्क्यावर येते. राहायचं की सोडायचं, आज ठरवू.' त्याने वाचला. फोन खिशात टाकला. माईक चालू केला.

बुकबाइंडरांची गल्ली झाली, जुना मासळीबाजार झाला. कोपऱ्यावर त्याने हात मागे केला.

"आता माझ्या पाठीमागे बघा. पिवळी इमारत. खाली घड्याळवाल्याचं दुकान, वर हिरव्या खिडक्या..."

कुणी फोटो काढेना. एक आजी म्हणाली, "बाळा, जरा मागे वळून बघ."

तो वळला. पत्र्याचं कुंपण. आत मोठा खड्डा, त्यात गढूळ पाणी. शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर, वर कुठेतरी, एका मोरीच्या निळ्या फरशा अजून चिकटलेल्या. लग्नानंतरची त्यांची पहिली खोली. फरशा त्यानेच बसवलेल्या. एक तिरकी.

"कधी पाडली हो?" कुणीतरी विचारलं.

"अं... बघून सांगतो." लोक हसले. "चला, पुढे कालवा आहे." आणि पुन्हा उलटा चालायला लागला.

तळ्यावर लोक आइस्क्रीमच्या गाड्यांकडे पांगले. ती धक्क्यावरच्या बाकावर बसली होती.

"जेवलास?"

"हो."

"बोल काहीतरी."

तो बोलला. "मधोमध तळं फार खोल आहे. उन्हाळ्यात काठ कोरडा पडतो, पण मध्यभाग..."

"मी तिकीट नाही काढलेलं," ती म्हणाली.

पाण्यावर पायाने चालवायच्या होड्या गरागरा फिरत होत्या.

"आपली खोली पाडली," तो म्हणाला. "घड्याळवाल्याच्या वरची."

तिचा हात तोंडावर गेला. "कधी?"

"माहीत नाही."

"अरे, दर आठवड्याला जातोस ना तिथून!"

"तिकडे पाठ असते माझी."

ती बघतच राहिली. डोळे भरले तिचे. त्याचे नाहीत.

"मोरीच्या फरशा दिसतायत अजून. ती तिरकीपण."

"काय वाटलं तुला बघून?"

त्याने खरंच शोधलं. खिशात किल्ली चाचपावी तसं. "काहीच नाही. आईच्या वेळीही नाही. म्हटलं, येईल मागाहून. आलंच नाही गं."

माईक नसताना एवढं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

बसचा हॉर्न वाजला. "जा," ती म्हणाली.

"पण ठरलं काय?"

"तू उठून गेलास की ठरलंच."

परत हॉर्न. मामा दारात येऊन ओरडले, "मास्तर, लोक सुकायला लागले!"

तो उठला. बसपर्यंत गेला. कॉलरचा माईक काढला, कमरेचा स्पीकर सोडला आणि मामांच्या हातात ठेवला. "तुम्ही न्या सगळ्यांना."

"आणि बोलणार कोण? मी?"

"जाताना सगळे झोपतात, मामा."

मामांनी एकदा बाकाकडे पाहिलं आणि दार ओढलं. बस गेली. तो येऊन परत तिच्या शेजारी बसला. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. फक्त बसला होता.

समोरच्या गॅलरीतून मेहुणीने हाक मारली, "भावजी, बस चुकली की चुकवली?"

"सोडली," तो म्हणाला.

बायको उठली. "चल वर. नाहीतर ही सगळ्या गावाला गोळा करील." जिन्याशी थांबली. "किती दिवस राहणार?"

"माहीत नाही."

"गादी जमिनीवर घालावी लागेल."

"चालेल."