नानांच्या खुर्चीवरची मुलगी

एकतीस वर्षं दुसऱ्या व्हायोलिनच्या फळीत वाजवून नाना वाद्यवृंदातून निवृत्त झाले आणि त्याच दिवसापासून वाद्यवृंद रसातळाला गेला, असं त्यांचं ठाम मत होतं. ते पडताळून बघायला मात्र दोन वर्षांत ते एकदाही फिरकले नव्हते. या रविवारी जाणं भाग पडलं. फरशांच्या दुकानाची जाहिरात दिल्याबद्दल साडूंना पहिल्या रांगेचे चार पास मिळाले होते, आणि नानांची बायको आपल्या बहिणीला नाही म्हणणाऱ्यातली नव्हती.

बागेतल्या हिरवळीवर, दुपारी चारला कार्यक्रम.

"सिंफनी पण आणि सिनेमाची गाणी पण!" साडू हात चोळत म्हणाले. "तुमचीही सोय, नाना, आमचीही."

"एका पायात बूट, एका पायात चप्पल," नाना म्हणाले.

मंचावर बघण्यासारखं बरंच होतं. प्रत्येक व्हायोलिनला चिकटपट्टीने बटणाएवढा माइक लावलेला. ड्रम वाजवणारा काचेच्या खोक्यात, संसर्गजन्य रोग झाल्यासारखा. निवेदिकेने सिंफनी म्हणजे काय ते दीड मिनिटात उरकलं. पहिला भाग कापून चार मिनिटांचा केला होता. तो संपताच साडूंनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"अजून संपलं नाही हो," नाना दातओठ खात म्हणाले.

"आवडलं म्हणून वाजवल्या. काय झालं?"

मग चमचमता कोट घातलेला गायक धावतच आला. ड्रम सुरू झाले आणि पन्नास वादकांचा आवाज त्याखाली गडप झाला. "यांना घरी पाठवलं असतं तरी चाललं असतं," नाना बायकोच्या कानात म्हणाले. तिने न बघताच त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

दुसऱ्या गाण्याच्या मध्येच जनरेटर बंद पडला. गायकाचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. मागून शिट्ट्या आल्या. वाद्यवृंदाच्या संचालकाने क्षणभर विचार केला, वादकांना समोरचे स्वरलिपीचे कागद उलटायची खूण केली आणि सिंफनीचा शेवटचा भाग, न कापता, नुसत्या वाद्यांवर सुरू केला.

नाना पुढे सरकले. आता पितळ उघडं पडणार!

त्यांच्या जुन्या खुर्चीवर, मंचाच्या अगदी कडेला, आखूड केसांची एक मुलगी होती. या भागात दुसऱ्या व्हायोलिनला आठ ओळी अशा होत्या, की बोटं एकमेकांत अडकावीत. नानांनी त्या एकतीस वर्षांत एकदाही वाजवल्या नव्हत्या. गज तारेच्या केसभर वर धरून हात तेवढा जोरात हलवायचा. गोंगाटात कुणाला कळतंय?

मुलीने वाजवल्या. एकूण एक सूर मोत्यासारखा सुटा. हे असं होतं तर, त्यांच्या मनात आलं. इतकी वर्षं त्यात बसून आपण हे ऐकलंच नाही.

जनरेटर सुरू झाला, गायक परतला, साडू उभे राहून नाचले.

कार्यक्रम आटोपल्यावर "चला नाना, चला!" करत साडूंनी फोटोसाठी सगळ्यांना मंचामागे ओढून नेलं. ती मुलगी व्हायोलिन पुसत होती.

"तुम्ही नाना ना? तुमचेच कागद मला मिळालेत, वर नाव आहे. पेन्सिलीच्या खुणा आहेत तुमच्या."

बायको ऐकत नाही ना, ते नानांनी वळून बघितलं.

"त्या आठ ओळींवर तुम्ही लिहिलं होतं, 'इथे नुसता हात.' मी कितीतरी वेळ हसत होते. मग खोडलं."

ती चिडवत नव्हती, हेच जास्त लागलं. माइक, ड्रम, तो चमचमता कोट, तोंडावर फेकायला बरंच काही तयार होतं. पण नाना म्हणाले, "खोडलंस ते बरं केलंस. तिसऱ्या ओळीत करंगळी कशी पोहोचते तुझी?"

"अंगठा आधी खाली घ्यायचा. हे बघा."

"नाना, इकडे बघा, हसा!" साडू मोबाइल धरून ओरडले.

"अरे, गप्प बस ना जरा!" नाना खेकसले. साडूंना त्यांनी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मेव्हणीने डोळे विस्फारले. नाना वाकून त्या मुलीचा अंगठा बघत होते.