दोन तारांचा मीटर

विजेच्या मोटारी रिवाइंड करण्याच्या आमच्या वर्कशॉपमधले चाचणीचे टेबल दादाने स्वतः बांधले होते. डिमरची मूठ फिरवली की व्होल्टेज शून्यापासून चढू लागे आणि पॅनेलवरच्या जुन्या मीटरचा काटा त्याच्याबरोबर सरके. तो काटा अडकू लागला, तेव्हा नवा डिजिटल मीटर निवडण्याचे काम माझ्याकडे आले. घरात पदवी माझ्याजवळ होती.

मी दोन मीटर आणले. एकाला चार तारा लागत : दोन मोजण्यासाठी, दोन त्याच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यासाठी. दुसऱ्याला दोनच, जी वीज मोजायची, तिच्यावरच तो चाले. त्यावर '८० ते ३०० व्होल्ट' असे छापले होते आणि जुन्या खाचेत तो अगदी फिट बसत होता. पहिल्यासाठी पत्रा कापावा लागला असता.

"हा ऐंशी व्होल्टच्या खाली काय दाखवतो?" दादाने विचारले.

"काहीच नाही, बंद असतो. पण आपण मोटार दोनशे तीसवर तपासतो ना? ऐंशीच्या खाली तुझं काय अडलंय?"

"बरं, इंजिनीअरबाई. आम्ही अंगठेबहाद्दर काय बोलणार?"

आणि त्याने दोन तारा जोडल्या.

दादाला मुख्य स्विच बंद करायची सवय नव्हती. तो मूठ उलटी फिरवी, मीटरकडे पाही आणि काटा खाली आला की मगच टर्मिनलला हात लावी. तीस वर्षे त्याने हेच केले होते. त्या दुपारी मूठ पुरती मागे आली नाही. मीटरवरचे आकडे मात्र विझले होते. त्याने हात घातला, झटका बसला आणि तो स्टुलासकट मागे कोसळला. मनगटाची दोन्ही हाडे मोडली.

मूठ सत्तरवर होती. कोणी धावत येण्याआधी मी ती शून्यावर आणली.

"स्टूल घसरलं," दवाखान्यात दादाने वहिनींना सांगितले. सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले. मी फरशीकडे पाहत राहिले.

प्लास्टर निघाले, तरी बारीक तांब्याची तार त्याच्या बोटांत ठरेना. दरम्यान मी पत्रा कापून चार तारांचा मीटर बसवला. वीस मिनिटे लागली.

दोन महिन्यांनी वहिनी एक दणकट लोखंडी स्टूल घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या.

"आता यावरून पडून दाखवा!"

"यावरून हत्तीसुद्धा पडायचा नाही," दादा हसला.

माझ्याने राहवेना. "वहिनी, स्टूल घसरलं नव्हतं. दादाला शॉक बसला. वीज चालू असताना बंद राहणारा मीटर मी निवडला होता. त्याने विचारलंही होतं."

"जाऊ दे ना आता, कशाला ते..." दादा म्हणाला.

"तुम्ही थांबा." वहिनींनी स्टूल खाली ठेवले. त्यांनी दादाच्या हाताकडे पाहिले. मग माझ्याकडे वळल्या.

"दोन महिने घरी मी ह्यांना उठता-बसता वेंधळे म्हणत होते. तू तिथेच भाजी चिरत बसलेली असायचीस ना?"

"हो," मी म्हणाले.