मुसळाखालचा हात

मी उखळ बोलतंय. काष्टीच्या अलीकडं एक वस्ती आहे, तिथं झुंबरबाईच्या अंगणात गळ्यापर्यंत पुरलेलं काळ्या दगडाचं उखळ. मला वरचं तेवढं दिसतं. आभाळ, मुसळाचं बूड आणि माझ्यावर वाकलेल्या बायकांची तोंडं. कुणाच्या पोटात काय चाललंय हे मला लगेच कळतं, असा माझा समज होता. त्या समजापायीच मी यंदा तोंडघशी पडलं.

झुंबरबाईच्या सासऱ्यानं मला पाथरवटाकडून घडवून बैलगाडीतून आणलं. मला पुरलं त्याच्या चौथ्या दिवशी झुंबरबाई नवरी होऊन उंबऱ्याच्या आत आली. म्हणजे आम्ही दोघं या घरात एकाच आठवड्यातली.

तिच्यासारखे गहू सडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. गव्हाला पाण्याचा हात लावायचा, फडक्यात दडपून ठेवायचं आणि ओल नेमकी सालीपुरती मुरली की माझ्यात घालून कांडायचं. साल सुटते, दाणा अख्खा राहतो. मग उन्हात वाळवून सुपानं पाखडलं की कोंडा उडून जातो. त्या गव्हाचं पीठ असं निघतं की पुरणपोळी कागदासारखी लाटा, फुटायची नाही. सगळा खेळ त्या ओलीचा. पाणी कमी पडलं तर दाण्याचा चुरा होतो, जास्त झालं तर लगदा. झुंबरबाई फडक्यात बोटं घालायची आणि म्हणायची, "झालं, काढा." चुकली म्हणून कधी नाही.

यंदा अधिक महिना आला. लेक सुरेखाचं लग्न होऊन वर्ष झालेलं, जावयाचं पहिलंच अधिकाचं जेवण. रविवारी सासरची सगळी मंडळी येणार होती. झुंबरबाईनं बुधवारीच गहू काढले.

पहिल्या घाण्याचा चुरा झाला.

"दिपाली, तू फडकं उघडून ठिवलं व्हतं का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"न्हाई आत्या. तुमीच बांधलं, तुमीच सोडलं."

दुसऱ्या घाण्याचा लगदा झाला. माझ्या पोटाला चिकटला तो निघता निघेना. झुंबरबाईचा आवाज चढला. "माझ्या माघारी पाणी वाढीवलंस तू. मला सगळं कळतंय. तुला जायचंय त्या गिरणीच्या यंत्रावर."

"गेलं तर काय बिघडतंय? धा मिंटात सालं निघत्यात. तुमचं हे उखळ तर पायात यील आन् पडंल एखाद्या दिवशी कुनी."

ते ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला मी नकोय. म्हणून ही म्हातारीचे गहू मुद्दाम बिघडवतेय. तेव्हापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. ती कळशी घेऊन जवळून गेली तरी मला वाटायचं, आता ओतते. म्हातारीच्या हाताकडं ती सारखी टक लावून बघायची, तेही मला खुपायचं. एकदा तिनं विचारलं, "आत्या, बोटाला हा फोड कशाचा?"

"मुंगी चावली."

"तव्यायेवढी मुंगी?"

"तू तुझं काम कर."

शुक्रवारी तिसरा घाणा. दिपाली मुसळ घेऊन उभी, झुंबरबाई माझ्याशेजारी बसलेली. आमच्याकडं दोघींचं काम असंच चालतं. मुसळ वर गेलं की बसलेलीनं हात आत घालायचा, कडेचा दाणा मध्ये सारायचा आणि मुसळ यायच्या आत हात बाहेर. कुणी मोजत नाही, कुणी सांगत नाही. एकीच्या श्वासावर दुसरीचा हात चालतो.

पंधरा-वीस घाव नीट पडले. मग झुंबरबाईचा हात कडेलाच राहिला. मुसळाचं लोखंडी कडं तिच्या दोन बोटांना माझ्या दगडावर चेचून गेलं. हाडाचा आवाज मी ऐकला. मला एकच वाटलं, सुनेनं डाव साधला.

आणि झुंबरबाई गहू सारतच राहिली.

ना ओरडली, ना हात झटकला. दाणा मध्ये लोटत बोलत होती, "दमलीस का गं? हान की." पांढऱ्या पडत चाललेल्या गव्हात लाल पसरत होतं.

"आत्या, हात!" दिपालीनं मुसळ फेकलं.

"काय झालं हाताला?" असं म्हणून झुंबरबाईनं खाली बघितलं. परक्याचा हात बघावा तसा बघितला.

दिपालीनं पदर फाडून बोटं बांधली. "कवापास्नं कळत न्हाई तुमाला? खरं सांगा."

म्हातारीनं बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "दिवाळीच्या आधीपास्नं. साखरेच्या आजारानं बोटं बधिर झाल्यात म्हनला डाक्टर. आगं, ओल कळत न्हाई म्हनलं असतं, तर ह्या घरात माझं काय काम ऱ्हायलं असतं?"

"म्हनून माझ्यावर घातलं व्हय समदं?"

"व्हय," झुंबरबाई म्हणाली. "तुझ्यावर घातलं."

दिपाली रडली नाही. तिनं नवऱ्याला, कल्याणला हाक मारून मोटरसायकल काढायला लावली आणि म्हातारीला दवाखान्यात नेलं. तो घाणा मातीत पुरला.

शनिवारी पहाटे दिपालीनं नवे गहू भिजवले, पण तिच्या बोटांना अजून ओलीची पारख नव्हती. हाताला पांढरं बांधलेली झुंबरबाई येऊन बसली. फडक्यातला एक दाणा तिनं उरलेल्या दाढेखाली धरला, हळूच दाबला. "आजून न्हाई." घटकाभरानं दुसरा धरला. "आता काढ."

दिपालीनं एकटीनं कांडले. दहा घाव घालायचे, थांबायचं, मुसळ बाजूला ठेवून मग हात घालायचा. रविवारच्या पोळ्या फुटल्या नाहीत.

माझा स्वभाव काही गेला नाही. अजून मी वाकलेलं प्रत्येक तोंड निरखून बघतंय. पण आता दुसरंच शोधतंय. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस विनाकारण सगळ्यांवर खेकसायला लागलं, तर एकदा त्याची बोटं हातात घ्या. दाबा, आणि कळतं का विचारा. ते व्हय म्हणंल. म्हणून आधी डोळे मिटायला सांगा, आणि कुठलं बोट धरलंय ते विचारा.