काळ्या टोपीवाल्याची स्लाइड

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. शाळेच्या संगणक कक्षात छताला उलटा टांगलेला. "हा बिघडलाय का?" असे विचारू नका. मी बिघडलेलो नाही, मी वैतागलेलो आहे. या दोन्हींत फरक असतो, आणि तो आज मी सांगूनच सोडणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. भिंगे बसली, पंखा बसला, दिवा बसला. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा समोरच्या भिंतीवर स्वच्छ निळा चौकोन उमटला आणि तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. पास! त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता. मग खोक्यातून मी या शाळेत आलो. पहिल्याच तासाला मी धडधडणारे हृदय भिंतीवर दाखवले आणि मुले आ वासून बघत राहिली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "आता शिकवणं कसं डोळ्यांसमोर उभं राहील!" मी फुगून गेलो.

पुढे काय झाले ते न सांगितलेलेच बरे, पण सांगतो. रिमोट पहिल्याच वर्षी हरवला. तेव्हापासून संगणकाचे सर मला पडदे सरकवायच्या काठीने ढोसून चालू करतात. हवेच्या जाळीत इतकी धूळ साठली आहे की मी दमेकरी आजोबांसारखा घरघरतो. सर म्हणतात, "हा फार आवाज करतो." अहो, मग जाळी झाडा की! एक कोरडा ब्रश आणि चहा निवेल इतका वेळ, एवढेच तर लागते. माझी खालची वायरही सैल झाली आहे. कोणीतरी ती धरून उभे राहिले तरच भिंतीवर चित्र टिकते. नवी वायर आणायची सोडून सरांनी सोपा उपाय शोधला. वायर धरायला घुम्याला उभे करायचे.

घुम्या म्हणजे नववीतला एक अबोल मुलगा. कुरकुर करत नाही, म्हणून सगळी कुरकुरायची कामे त्याच्याच वाट्याला येतात.

छताला राहण्याचा एक फायदा असतो. शिक्षकांना मुलांची डोकी दिसतात, मला त्यांच्या मांड्या दिसतात. आणि मांड्यांवर काय असते? फोन! शाळेत फोन आणायला सक्त मनाई आहे. सापडला तर तो मोठ्या बाईंच्या लोखंडी कपाटात जातो आणि वार्षिक परीक्षा संपेपर्यंत तिथेच राहतो. या नियमाने फोन कमी झाले नाहीत, फक्त बाकाखाली गेले.

आता माझ्या वैतागाचे खरे मूळ. दरवर्षी सर माझ्याकडून तोच एक धडा दाखवून घेतात, 'ऑनलाइन धोके: ओळखा आणि कळवा'. धडा चांगला आहे हो, माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण दुसऱ्या स्लाइडवर धमकी देणाऱ्याचे चित्र आहे. काळी टोपी, अंधारात बुडालेले तोंड, मागे हिरवे आकडे पडताहेत. असा माणूस मी छतावरून आजवर एकदाही पाहिलेला नाही. पुढच्या स्लाइडवर मुद्दे आहेत. संदेश पुढे पाठवू नये. पुसू नये. मोठ्यांना ताबडतोब दाखवावा. मुले ते वहीत उतरवतात, पाठ करतात, आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात. पोपटांनी यांच्याकडे शिकवणी लावावी!

त्या शुक्रवारी नववीचा वर्ग खाली बसला होता. तोच धडा, तीच टोपी. घुम्या दोन्ही हातांनी माझी वायर धरून उभा. तेवढ्यात भोंग्याच्या मांडीवरचा फोन उजळला. भोंगा म्हणजे वर्गातला सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा. वर्गाच्या ग्रुपवर एक संदेश आला होता. खात्याला नाव नव्हते, नावाच्या जागी मांजराचे चित्र होते. मी वरून वाचले.

'सोमवारी हजेरीला मैदानात येऊ नका. जे हसले, त्यांचं हसणं मी कायमचं बंद करणार आहे.' आणि पुढे एक हसरा चेहरा.

बघा, मित्रांनो! टोपी नव्हती, अंधार नव्हता, हिरवे आकडे नव्हते. मांजर होते आणि हसरा चेहरा होता. मग ती धमकी कशी असेल? स्लाइडवर तर तसे नव्हते!

भोंग्याने संदेशाचा फोटो काढला. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून वरचे खाते आणि वेळ कापून टाकली, खाली लिहिले, 'सोमवारी सुट्टी!' आणि दिला पाठवून. पुढच्याने त्यात आणखी भर घातली. बघता बघता सगळ्या बाकांखाली उजेड पडला. उजवा हात वहीत लिहीत होता, 'संदेश पुढे पाठवू नये.' डावा अंगठा तो पाठवत होता. मी डोके आपटून घेतले असते, पण मला छताला स्क्रूने आवळले आहे.

मधल्या सुट्टीनंतर वर्ग संगणकाच्या दुसऱ्या तासाला परत आला, तोवर हसणे कमी आणि कुजबुज जास्त झाली होती. या तासाला फक्त वहीत लिहायचे होते, म्हणून घुम्याही बाकावर होता. पाठवला कोणी? मूळ संदेश फोटोंच्या ढिगाखाली गेलेला, आणि फोटोंवरचे खाते तर यांनीच कापलेले. मग डोळ्यांसमोर जो गप्प दिसला तो धरला.

"घुम्याच असणार," भोंगा दबक्या आवाजात म्हणाला. त्याचा दबका आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो. "बघ ना, किती गप्प बसलाय. खाई त्याला खवखवे."

अरे, तो जन्मापासून गप्प आहे! आणि संदेश आला तेव्हा त्याचे दोन्ही हात माझ्या वायरीवर होते, तुमच्या सगळ्यांच्या समोर! पण समोर बघत कोण होते? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असे. घुम्याच्या शेजारचा मुलगा दप्तर घेऊन उठला. पुढच्या मुलीने बाक ओढून घेतला. घुम्याने सगळ्यांकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. माझ्याजवळ एवढा मोठा उजेड, आणि एका मुलाच्या निर्दोषपणावर तो पाडता येत नव्हता. मला फार वाईट वाटले.

वर्गात एकच मुलगी होती जिने संदेश ना कापला, ना पाठवला. पेन्सिल कुरतडायची सवय म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात. तिच्या दप्तरात आईचा जुना फोन असतो. आई रुग्णालयात परिचारिका आहे. ड्यूटी लांबली की फोन करते, मग खारूताई धाकट्या भावाला पाळणाघरातून घरी नेते. हा फोन कपाटात गेला तर ते पोर दारात वाट बघत बसणार. म्हणून ती दोन्ही तास पेन्सिल चावत राहिली. तास संपला आणि ती उठून सरांकडे गेली. सर काठी घेऊन मला बंद करत होते.

"सर, एक धमकीचा मेसेज फिरतोय. सोमवारचा."

"तिसऱ्या स्लाइडवर आहे ना सगळं? वाच."

"स्लाइडवरचा नाही हो सर. खराच आलाय."

"कुठे आलाय? तू पाहिलास?"

खारूताईने दप्तराचा बंद घट्ट धरला. पाहिला म्हणावे, तर फोन आहे हे कबूल होणार.

"म्हणजे... मुलं म्हणत होती."

"ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही. तेही स्लाइडवर आहे." आणि सरांनी मला काठी मारली.

सांगा, मला वैताग येऊ नये तर काय यावे? 'ताबडतोब दाखवा' म्हणणारे हेच, आणि दाखवायला गेले तर फोन कपाटात कोंडणारेही हेच. मी रागाने असा काही घरघरलो की दिवा विझता विझेना.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. "सर, सोमवारी हजेरी झाली की इथे पालकसभा आहे. प्रोजेक्टर चालेल ना?"

सोमवार हा शब्द ऐकताच खारूताईने मागे पाहिले. शेवटच्या बाकावर घुम्या एकटाच बसला होता, सगळे निघून गेले की मग जावे म्हणून. दारात भोंगा आणि चारदोन जण घुटमळत होते. खारूताईने दप्तरातून फोन काढला आणि बाईंच्या समोर धरला.

"फोन?" बाईंचा आवाज चढला. "शाळेत फोन?"

हेच! संदेश नाही, सोमवार नाही. आधी फोन!

"हो बाई. जप्त करा," खारूताई म्हणाली आणि तिने फोन आणखी पुढे केला. "पण आधी वाचा."

बाईंनी वाचले. मग पुन्हा वाचले. मग त्या जवळच्या खुर्चीत बसल्या.

सर खांद्यावरून डोकावले. "बाई, मस्करी दिसतेय. पुढे हसणारा चेहरा आहे की."

"मस्करी आहे का नाही, ते तुम्ही आम्ही नाही ठरवायचं, सर. आपण कळवायचं." बाई खारूताईकडे वळल्या. "पुसू नकोस, कुणाला पाठवू नकोस. हा कधी आला?"

"पहिल्या तासाला. वेळ आहे बघा वर, मी कापलेली नाही. आणि बाई, सगळे म्हणताहेत घुम्यानं पाठवला. पण तेव्हा तो वायर धरून उभा होता. सरांच्या शेजारीच."

सरांनी घुम्याकडे पाहिले. मग माझ्या वायरीकडे. "हो," ते हळूच म्हणाले, "माझ्याशेजारीच होता."

बाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. थोड्या वेळात साध्या कपड्यांतल्या एक अधिकारी बाई आल्या. कापलेले फोटो त्यांच्या काहीच कामाचे नव्हते. खारूताईच्या फोनवरचे खाते मात्र होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाठवणारा शोधला. तो याच वर्गातला मुलगा निघाला. मागे हजेरीच्या वेळी तो चक्कर येऊन मैदानात पडला होता. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो हसऱ्या चेहऱ्यांसकट घरोघरी फिरला, आणि मुलगा शाळेत यायचा थांबला. त्याचा बाक रिकामा होता, आणि तो का रिकामा आहे हे कोणीच विचारले नव्हते. त्याच्या खोलीत काय सापडले ते अधिकारी बाईंनी मोठ्या बाईंच्या कानात सांगितले. मला ऐकू आले नाही. पण बाईंनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की त्यांची बोटे पांढरी पडली. त्या एवढेच म्हणाल्या, "सोमवारी तो आला असता."

सोमवारी शाळा बंद राहिली. त्या मुलावर आता उपचार चालू आहेत, आणि मोठ्या बाई त्याच्या घरी जाऊन येतात. खारूताईचा फोन तिला त्या शुक्रवारीच परत मिळाला होता. फोनबंदीच्या पाटीखाली एक ओळ वाढली, 'धमकी दाखवायला आणलेला फोन जप्त होणार नाही.' एवढे शहाणपण यायला इतकी वर्षे का लागली, हे मला विचारू नका.

मंगळवारी सर वर्गावर आले. काठी उचलली, माझ्याकडे पाहिले आणि खाली ठेवली. "आज प्रोजेक्टर नको," ते म्हणाले. त्यांनी बाकांमध्ये खुर्ची ओढली आणि विचारले, "शुक्रवारी तो मेसेज कुणी कुणी पाहिला?" मग भोंग्याने हात वर केला. त्याच्या पाठोपाठ सगळ्यांचे हात वर गेले. भोंगा उठला, दप्तर घेऊन घुम्याच्या शेजारी जाऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच हळू बोलला. काय बोलला ते मलासुद्धा ऐकू आले नाही. घुम्या थोडा सरकला आणि त्याने जागा करून दिली. माझ्या सगळ्या आयुष्यातला सर्वांत चांगला तास मी बंद असताना झाला!

मित्रांनो, माझी जाळी झाडा, वायर बदला, ही माझी विनंती आहेच. पण त्याआधी दुसरी ऐका. धमकी टोपी घालून येत नाही. ती मांजर होऊन येते, हसत येते, कधी ओळखीच्या मुलाकडून येते. ती कापू नका, फिरवू नका. जशी आली तशी मोठ्यांसमोर धरा, आणि त्यांनी कानाडोळा केला तर दुसऱ्या मोठ्यांसमोर धरा. आणि कोणाचा बाक रिकामा दिसला तर विचारा.

एवढे सगळे होऊनही तास संपताना पुढच्या बाकावरून एक हात वर आलाच. "सर, हे परीक्षेला येणार का?" मी वरून कण्हलो.

सर पहिल्यांदाच चिडले नाहीत. "नाही रे," ते म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. हे कुठल्याही सोमवारी येतं."