झाकणावरचं बोट

मागं वळून काय बघताय? इकडं, ओट्यावर बघा. मी डबा बोलतोय. स्टीलचा, पोटाला पोचे पडलेला. वयानं तुमच्यातल्या बऱ्याच जणांहून मोठा असेन, तेव्हा जरा मानानं ऐका.

जन्म पुण्याचा. पत्र्याला ठोकून ठोकून गोल केला, तेव्हाच मी ठरवलं, आता आपणही लोकांना सतवायचं. बोहरी आळीतून आशाताईंनी मला उचललं आणि पोटावर टकटक करून नाव टोचून घेतलं. काय लिहिलंय देव जाणे, मला कुठं वाचता येतंय! गुदगुल्या मात्र लई झाल्या. मग त्यांच्या लेकीच्या, आसावरीच्या बॅगेत बसून लंडनजवळच्या वॉटफर्डला आलो.

माझा धंदा एकच, झाकण. आसावरी लॅपटॉपसमोर सभ्य चेहरा करून मीटिंगला बसली की मी ते फळीवरून खाली सोडायचो. ठण्ण! "सॉरी, सॉरी, किचनमध्ये काहीतरी पडलं." आणि पाहुणे आले की असा गच्च बसायचो, की तिच्या नवऱ्यानं, अतुलरावांनी, मला गुडघ्यात धरून ओढावं आणि सगळा चिवडा कार्पेटवर!

शेजारी इद्रिसअंकल. एकटेच. त्यांचा देश कुठंतरी समुद्राकाठी आहे. त्याचं नाव मला धड घेता येत नाही, म्हणून घेत नाही. तिथं लष्कराचं राज्य. अंकल त्याच्याविरुद्ध बोलले आणि तरणेपणीच पळून इकडं आले. धाकटा भाऊ मागं राहिला. ते बोलायचे इंग्लिश, पण माझ्या पोटात सगळ्या भाषा सारख्याच घुमतात. तेव्हा मी आपला माझ्या भाषेत सांगतो.

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत आसावरीनं त्यांना सांगितली आणि स्वतःच फसली. मी चिवडा घेऊन जायचो, खजूर घेऊन यायचो. खजूर आले की हिला परत काहीतरी करावं लागायचं. थांबायचं कुणी? कुणीच थांबलं नाही.

मग औंदा तिकडं लोक रस्त्यावर बसले ते उठेचनात. शेवटी लष्कर बराकीत गेलं, निवडणूक लागली. इथल्या लोकांना लंडनच्या वकिलातीत मत देता येणार होतं. मत द्यायचं कसं, अंकलना काही सुचेना. म्हणून आसावरीनं मला रिकामा केला आणि टेबलावर मतपेटी म्हणून बसवला. कागदावर एक लाडू काढला, एक चकली.

"अंकल, नुसती प्रॅक्टिस. आवडेल त्याच्यावर फुली मारा."

अंकलनी फुली मारली आणि कागद उघडाच तिच्या नाकासमोर धरला.

"मला काय दाखवता?" ती हसली.

"तपास ना. मग टाकतो."

"तपासायचं नसतं, अंकल."

"मग मी बरोबर दिलं, हे कुणाला कळणार कसं?"

आसावरीचं हसू गेलं. त्यांच्याकडं एकदाच मतदान झालं होतं, लष्कर हवं की नको. पेटीपाशी शिपाई उभा, त्याला कागद दाखवून टाकायचा. ज्यांच्या कागदावर 'नको' होतं, ते घरी पोचले नाहीत.

तिनं भिंतीकडं तोंड केलं. "मी बघत नाहीये. अतुल, तू पण वळ."

"अगं, माझा चहा—"

"वळ म्हटलं ना!"

दोघं शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडं तोंड करून उभे. अंकलनी कागदाची घडी केली, अजून एक केली, आणि माझ्या पोटात टाकली. मग एकदम म्हणाले, "पण मी जाणार नाही. वकिलातीसमोरच्या फुटपाथवर मी बोर्ड घेऊन उभा राहायचो. तिथल्या खिडकीतून एक वर्दीवाला फोटो काढायचा. त्या फोटोपायी माझ्या भावाला आत टाकलं. त्या दारातून मी आत जायचं?"

रात्री भावाचा फोन आला. सुटून आला होता. फोन स्पीकरवर, भिंती पातळ, सगळं ऐकू आलं. "मी मत देणार आहे. तू नाही दिलंस, तर मी आत बसलो ते कशाला?"

रविवारी ट्रेनमध्ये आसावरी, अंकल आणि अंकलच्या मांडीवर मी, तिखटमिठाच्या पुऱ्या पोटात घेऊन. वकिलातीपुढं ही मोठी रांग! दार जवळ आलं, आणि दारात वर्दीवाला. अंकल थांबले. मला तिरकाच काखेत दाबला. मागचे म्हणाले, "चला आजोबा." अंकल हलेनात. एक पाय मागं घेतला.

आता माझ्याकडं दुसरं काय होतं? झाकण सोडलं. ठण्ण! पुऱ्या निम्म्या त्या वर्दीवाल्याच्या बुटांवर.

पोरगेलासा होता तो. खाली वाकला, एकेक पुरी वेचली. "आजोबा, डब्यात राहिलेल्यातली एक घेऊ का? सकाळपासून उभा आहे."

अंकल त्याच्याकडं बघतच राहिले. मग मला पुढं केलं. "दोन घे."

"डबा आत नेता येणार नाही. मी धरतो, तुम्ही या देऊन."

आणि अंकल आत गेले. वर्दीवाला मला दोन्ही हातांत धरून दारात उभा. मी मेलो वात्रट, पण तेव्हा गप्प बसलो.

बाहेर आले ते हसत. बोटाची शाई ओलीच होती, तसंच झाकण दाबून बसवलं. ट्रेनमध्ये आसावरीला राहवेना. "अंकल, कुणाला दिलंत?"

"सांगणार नाही!" अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असे हसले.

हल्ली ते आणि भाऊ फोनवर कडाकडा भांडतात. नव्या सरकारवरून. आसावरी भिंतीशी कान लावते, म्हणते, "छान चाललंय."

मी आता म्हातारा झालो. झाकण सैल झालंय, कुणीही उघडावं. खजूर घेऊन कालच परत आलोय. आसावरी, मला घास, पोचे काढ, हवं तर भंगारात दे. पण झाकणावरचा तो निळा डाग तेवढा ठेव बाई. माझ्या पोटावरचं नाव मला कधी वाचता आलं नाही. ते बोट मात्र मला येतं वाचता.