माझ्या बॉनेटखालचा गणपती

मी एक जुनी, बुटकी, दोन दारांची लाल गाडी आहे. साधीसुधी नव्हे बरं का, स्पोर्ट्स कार! मित्रांनो, तुम्हाला हाताची घडी घालून तासभर गप्प बसवलं तर कसं होतं? उभ्या उभ्या माझं तसंच होतं. चाकं नुसती शिवशिवतात.

माझा जन्म परदेशातला. बोटीनं कलकत्त्याला उतरले आणि दोन-तीन मालक बदलून रायपूरला आले, तात्यापाऱ्यातल्या चारुदत्त वकिलांच्या दारात. वकीलसाहेब माझा कापडी टप मागे टाकून कोर्टात निघाले, की अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, ओट्यावर येऊन बघायचा. काय माझा तोरा होता म्हणून सांगू!

पहिल्याच दसऱ्याला पूजेसाठी त्यांनी बॉनेट उघडलं आणि बायकोला हाक मारली, "विजया, लवकर ये! गाडीत गणपती आहे!" बॅटरीजवळ एक जाड बोल्ट होता. त्याच्या दोन बाजूंना कानांसारख्या पट्ट्या आणि खाली वळलेली जाड काळी वायर, अगदी सोंडच. विजयाबाईंनी तेलात शेंदूर कालवून आणला, साहेबांनी बोटानं लावला. मग दर दसऱ्याला तेच. साहेब गेले, तेव्हापासून विजयाबाई लावू लागल्या. शेंदरावर शेंदूर चढून माझा गणपती चांगला गुबगुबीत झाला.

पुढे छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी. लाल दिव्यांच्या गाड्या रस्त्यांवरून सुसाट पळू लागल्या, आणि नेमकं तेव्हाच माझ्या अंगात काहीतरी शिरलं. हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा नाचायचा. उजवीकडचा इंडिकेटर दिला की दोन्हीकडचे दिवे मिचकायचे. ब्रेक दाबला की हॉर्न कण्हायचा. कुठे दुखतंय ते मला कळत होतं, पण सांगू कशी? जीव नुसता तळमळायचा.

एक दिवस तर कहरच झाला. जयस्तंभ चौकात मी बंद पडले आणि मागून कुणा मंत्र्यांचा ताफा आला. विजयाबाईंनी किल्ली फिरवली, मी फक्त टक् केलं. घाबरून त्यांनी ब्रेकवर पाय दाबला, आणि माझा हॉर्न केकाटला! ताफ्यालाच हॉर्न! शिपायांनी मला ढकलत कडेला नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विजयाबाईंचा मुलगा यशोधन नव्या मंत्रालयात नोकरीला होता. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. घरी येऊन तो म्हणाला, "आई, अब बहुत हो गया. पूरा ऑफिस हँस रहा है. दशहरे के दिन भनपुरी से कबाड़ी का ट्रक आएगा, इसको ले जाएगा."

"येईल त येऊ दे," विजयाबाई म्हणाल्या. "तोवर मी पाहते."

त्यांनी देवीदासला बोलावलं. तो ट्रकांच्या वायरिंगची कामं करायचा. बल्बला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प घेऊन तो माझ्यामागे हात धुऊन लागला. बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, डायनॅमो उघडून पुन्हा बसवला. वायरन् वायर चाचपली. फक्त बॉनेट उघडलं की आधी गणपतीला नमस्कार करायचा आणि तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडे हात घालायचा. अरे बाबा, तिथेच! तिथेच! मी आतल्या आत ओरडत होते. दसरा जवळ येत होता आणि भंगारात तुकडे होण्याच्या भीतीनं माझा पत्रा थरथरत होता.

नवमीला तो हात टेकून बसला. "काकू, करंट सगळीकडे जाऊन राहिला. तरी दिवे मरतुकडे. काय भानगड आहे, काही समजून नाही राहिलं."

विजयाबाई टेस्ट लॅम्प धरून उभ्या होत्या. "जाते त ठीक. पण वापस कुठून येते?"

"वापस? बॉडीतून. बॉडीतून ह्या वायरीनं बॅटरीत..." देवीदासचं बोट सोंडेवरून वर सरकलं आणि गणपतीपाशी थांबलं.

त्यानं एक जाड वायर बॅटरीपासून थेट माझ्या उघड्या पत्र्यावर टेकवली. लखकन माझे दिवे पेटले, समोरची भिंत उजळली! देवीदासनं कान पकडले. "शेंदूर बोल्टाच्या आत शिरला काकू, खाली गंज चढला. करंटची वापस यायची वाटच अडली. पण मी नाही हात लावत देवाले. ही वायर अशीच जोडून देऊ काय?"

"आन् देवाले तसंच गंजत ठेवायचं?"

विजयाबाई उलथणं घेऊन आल्या. पण हात उचलेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुझ्या काकांची बोटं आहेत रे ह्याच्यात." मग त्यांनी पदरानं डोळे पुसले. "बाप्पा, रागवायचं असन त माझ्यावर रागव. आंघोळ घालून राहिली तुले."

वरचे थर त्यांचे होते, खालचे काळपट थर साहेबांचे. दोन्ही निघाले. सगळे तुकडे त्यांनी एका डबीत भरले, तळ्यात सोडायला. ते बघून देवीदासलाही धीर आला. त्यानं पाना घेतला, बोल्ट उघडला, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला. मित्रांनो, किती वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला!

दसऱ्याच्या सकाळी ट्रक दारात उभा राहिला. यशोधन म्हणाला, "देख आई, अभी दिखाता हूँ." तो माझ्यात बसला. हेडलाइट लावला, काटा जागचा हलला नाही. इंडिकेटर दिला, एकच बाजू मिचकली. ब्रेक दाबला, हॉर्न गप्प. किल्ली फिरवली आणि मी अशी गरजले की ट्रकवाला दोन पावलं मागे सरला.

यशोधनचा हात स्टिअरिंगवरून हॉर्नच्या बटणावर गेला. लहानपणी इथेच तो बापाच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवायचा. "वापस ले जाओ भैया," तो ट्रकवाल्याला म्हणाला. मग आईकडे वळून हळूच, "आई, तळ्यावर जाताना मले चालवू दे न."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी जुनं असेल. त्याला नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. थोडं खरवडून बघा, कुठे दुखतंय ते विचारा. पूजेनं आम्ही सुखावतो, पण जगतो ते निगा राखल्यानं.

निघण्याआधी विजयाबाईंनी पूजेचं ताट आणलं. शेंदरात बोट बुडवलं आणि सवयीनं हात बोल्टाकडे गेला. पण त्या थांबल्या. बॉनेट बंद केलं, वरून टिळा लावला आणि म्हणाल्या, "आता बाहेर बस रे बाप्पा. आत काम सुरू आहे."