गठ्ठ्याचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना, पसरट, निळ्या काठाचा वाडगा आहे. काठाचे टवके उडाले आहेत आणि बुडाला एक पोचा आहे. हा काय सांगणार आपल्याला, असे म्हणून नाक मुरडू नका. एका कुत्र्याचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते सारे मी अगदी जवळून, त्याच्या हनुवटीखालून पाहिले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याची चकती दाबून मला आकार दिला, वर मुलामा चढवला आणि भट्टीत भाजून काढले. आपण आता एखाद्या स्वयंपाकघरात ऐटीत बसणार, असे मला वाटत होते. पण मला विकत घेतले एका बाइंडरने. तो वह्या-पुस्तके बांधायचा. पिठाची गरमागरम खळ माझ्यात ओतायची, ब्रश बुडवायचा आणि पुठ्ठ्यावर फिरवायचा, हे माझे काम झाले. तेव्हा माझा काय थाट होता! मी जागेवर नसलो की बाइंडर दुकान डोक्यावर घ्यायचा. पुढे प्लॅस्टिकचा डबा आला आणि माझी रवानगी टेबलाखाली चिंध्यांत झाली. कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहीना.

तिथेच माझी गठ्ठ्याशी गाठ पडली. गठ्ठा म्हणजे बाइंडरचा कुत्रा. पिल्लू असताना तो कागदांच्या गठ्ठ्यावर झोपायचा, म्हणून हे नाव. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा आळशी. माझ्या तळाशी वाळलेली खळ त्याने चाटून चाटून साफ केली आणि मला पायाने ढकलत थेट मालकापुढे नेले. त्या दिवसापासून मी गठ्ठ्याचा पाण्याचा वाडगा झालो.

दुकान घरातच होते, आणि घरात माणसे दोनच. बाइंडर आणि कागद दुमडून शिवणारी त्याची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणत. बाइंडर माणसांशी मोजून मापून बोलायचा. बाकीचे सगळे बोलणे तो गठ्ठ्यासाठी राखून ठेवायचा. पुठ्ठा कापतानाही "काय रे, सरळ आला का?" असे त्यालाच विचारायचा.

एके सकाळी गठ्ठ्याने चेंडू उचलला आणि किंचाळून खाली टाकला. मग जांभई देतानाही तो कळवळू लागला. त्याच्या कपाळाच्या दोन्ही बाजू सुजल्या, डोळे पुढे आले. त्याचे तोंड बोटभरही उघडेना. दातांत काही अडकले असेल असे समजून बाइंडरने जबडा उघडायला हात घातला, तर गठ्ठा त्याच्यावर गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा. बाइंडर मागे सरकला आणि तसाच जमिनीवर बसून राहिला.

रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तपासण्या झाल्या. मग एके दिवशी त्यांनी सांगितले, "हा आजार फार क्वचित दिसतो. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून जबड्याच्या स्नायूंवर तुटून पडलीय. घरच्या पहारेकऱ्यानेच घरच्यांना चोर समजावं, तसं. स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतील. पुष्कळ महिने. मध्येच बंद करायच्या नाहीत, आपल्या मनाने कमी-जास्त करायच्या नाहीत. आणि जोर लावून तोंड तर अजिबात उघडायचं नाही."

"आणि गोळ्यांनी गुण नाही आला तर?" ताईने विचारले.

"तर तोंड मिटत जाईल. कायमचं."

तोंडच मिटले तर खाणार कसा, हे वाडग्यालाही कळते.

सुरुवातीला गोळी कुटून पेजेत घालत. जिभेचे टोक कसेबसे बाहेर काढून गठ्ठा ती चाटायचा. आणि मग सुरू झाली तहान! स्टिरॉइडने कुत्र्याला फार तहान लागते, हे मी तुम्हाला स्वानुभवाने सांगतो. मला भरावे, की मी रिकामा. पुन्हा भरावे, पुन्हा रिकामा. इतके पाणी पोटात गेल्यावर ते बाहेरही येणारच. फरशीवर तळी साचू लागली. एकदा दुमडून ठेवलेल्या कागदांचा अख्खा ढीग भिजला, तेव्हा ताई कडाडली, "हा कुत्रा आहे की उघडा राहिलेला नळ?" भूक तर विचारूच नका. गठ्ठ्याने खुणेच्या फिती खाल्ल्या, ब्रशचे केस खाल्ले. त्याचे पोट मडक्यासारखे गोल झाले. पण तोंड हळूहळू उघडू लागले. एके दुपारी त्याने चांगली ऐसपैस जांभई दिली, आणि आमच्या अबोल बाइंडरने चक्क टाळ्या वाजवल्या.

त्या आनंदात त्याने एक गोष्ट केली. पाणी पिताना मी फरशीवर घसरत जाई आणि गठ्ठ्याला फार वाकावे लागे. म्हणून त्याने माझ्यासाठी बैठक बांधली. शब्दशः बांधली! जाड पुठ्ठ्याचा चौकोनी खोका, त्याला लाल कापडाचे वेष्टन, कोपरे अगदी शब्दकोशाच्या बांधणीसारखे नेटके. वरच्या गोल भोकात मला बसवले आणि माझी कड सरसाने पक्की चिकटवली.

"आता सोनेरी अक्षरांत नावही छाप त्याच्यावर," ताई म्हणाली. "आणि धुवायचा कसा हा?"

"जागेवरच पुसायचा. हलता कामा नये."

तेव्हापासून मला कोणी उचलले नाही. मी मात्र फुशारलो होतो. खोटे कशाला बोलू?

तोंड उघडू लागल्यावर गोळी उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात लपवून देऊ लागले. गठ्ठा तुकडा घ्यायचा, साळसूदपणे मालकाकडे बघायचा आणि पाणी प्यायला माझ्याकडे यायचा. एके सकाळी अंडे पोटात गेले, पण जिभेने ढकललेली गोळी माझ्या काठाशी पडली. पाण्याने तिथला पुठ्ठा फुगून फट पडली होती. गोळी त्या फटीतून आत घसरली. टक्.

चुकून पडली असेल, असे मी मनाला समजावले. संध्याकाळी पुन्हा टक्.

मित्रांनो, तुम्हाला ओरडता येते. ते किती मोठे सुख आहे, हे मला त्या दिवसांत कळले. माझ्या पोटाखाली औषध साठत होते आणि पोटात पाणी साठत होते. कारण गोळी पोटात जाईना तशी गठ्ठ्याची तहानही गेली. मी आधी अर्धा उरू लागलो, मग काठोकाठ भरलेलाच राहू लागलो. कुठल्याही वाडग्याला भरलेले राहणे आवडते. मला मात्र धडकी भरत होती.

आणि घरात आनंदीआनंद! "बघ, फरशी कशी कोरडी खडखडीत," ताई म्हणाली. "सुधारला हो आपला गठ्ठा." बाइंडर शीळ घालत पुठ्ठे कापत होता.

मग जांभई पुन्हा लहान झाली. गठ्ठा ओकला. त्याचे पाय थरथरू लागले आणि तो कोपऱ्यात पडून राहू लागला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या. आता एका वेळी दोनदा टक्, टक्. बहीण-भावाची बोलाचाली झाली.

"तू नेमाने देतोस ना गोळ्या?"

"माझ्या या हाताने देतो, ताई! दुसरं काय करू?"

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. त्यांनी गठ्ठ्याच्या ओठाखाली हलकेच बोट नेले. दातांमध्ये जेमतेम बोट जाईल एवढीच जागा उरली होती. "एवढा डोस देऊनही आजार मागे हटत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "दुसरं एक जास्त कडक औषध आहे. पण त्याची ही तब्येत ते सोसेल, असं मला वाटत नाही. आता तुम्ही मनाची तयारी..." बाइंडर शिवणाच्या दोऱ्याला गाठी मारत राहिला. त्या दोऱ्याला गाठीची काहीच गरज नव्हती.

भावाचा चेहरा ताईला बघवेना. काहीतरी बरे बोलायचे म्हणून ती म्हणाली, "एक मात्र चांगलं झालं हो, डॉक्टर. त्याची ती राक्षसी तहान तरी गेली. कालचं पाणी तसंच आहे बघा."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "तहान गेली? कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"डोस वाढवला आणि तहान गेली? असं होत नाही." त्या वळल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. इतके रोखून आजवर माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते. "गोळी कशी देता ते दाखवा. आत्ता, माझ्यासमोर."

बाइंडरने अंड्याचा अगदी बारीक तुकडा केला. गठ्ठ्याने तो कसाबसा ओढून घेतला. लटपटत माझ्याकडे आला, जीभ पाण्याला लावली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, टाक रे बाबा, आज तरी सगळ्यांदेखत टाक!

टक्.

तो आवाज तिघांनीही ऐकला.

बाइंडरने मला दोन्ही हातांनी ओढले. सरस त्याचाच, मी कसा सुटणार? मग त्याने कापायची सुरी घेतली आणि आपल्या हातची ती देखणी बांधणी टराटरा फाडली. मी उपडा पडलो, पाणी सगळीकडे झाले. खोक्याच्या तळाशी गोळ्या होत्या. काही फुगलेल्या, काही विरघळून पांढरा चिखल झालेल्या. ताईने तोंडावर हात ठेवला.

"मी बांधलं हे," बाइंडर म्हणाला. "मीच."

"रडायला नंतर वेळ आहे," डॉक्टरीणबाई पिशवी उघडत म्हणाल्या. "औषध हरलेलं नाही. ते पोटात गेलंच नाही. पण एकदम बंद झाल्याने त्याला धक्का बसलाय. आता इंजेक्शन देते. दोन-चार दिवस काही सांगता येणार नाही."

ते दिवस मी भिंतीशी पडून काढले. गोळी आता कुटून, पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या फटीतून देत. घसा हलल्याचे हाताला लागेपर्यंत बाइंडर जागचा उठत नसे. ताई मला भरायची आणि तसाच भरलेला बघून पाणी बदलायची. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघणेच सोडले.

चौथ्या दिवशी सकाळी फरशीवर नखांचा आवाज आला. गठ्ठा आला. त्याने माझ्यात नाक घातले आणि लप्, लप्, लप् सुरू केले. थांबेचना. पाणी संपले तरी तो माझा पोचा चाटत राहिला. थोड्या वेळाने त्याने ताईच्या नुकत्याच दुमडून ठेवलेल्या कागदांवर ऐसपैस तळे केले.

ताई फडके घेऊन धावत आली. ओरडायला तोंड उघडले आणि तशीच थांबली. मग त्या तळ्याशेजारी बसकण मारून ती हमसून हमसून रडू लागली. बाइंडरने तिच्याकडे पाहिले, मग रिकाम्या झालेल्या माझ्याकडे पाहिले आणि धावत जाऊन तांब्या भरून आणला.

गठ्ठ्याच्या गोळ्या अजून चालू आहेत. त्या थोड्या थोड्या कमी होत आहेत, पुढे काय होईल ते डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. मला आता बैठक नाही. रोज मला उचलतात, उलटा करतात, खाली बघतात आणि मगच भरतात. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरच्या मुक्या प्राण्याचे भांडे तुम्ही मायेने भरताच. पण भरण्याआधी ते किती रिकामे झाले होते, तेही एकदा वाकून बघत जा.